पावसाआधी लायनर उचला, मगच रोपं भरा

पेरणी-लागवडीच्या तोंडावर पिकअपच्या एकाच हौद्यातून खत, तणनाशक आणि भाजीची रोपं जातात. नवं लायनर, म्हणजे हौद्याच्या पत्र्यावरचं संरक्षक अस्तर, घ्यायची घाईही याच दिवसांत होते. घ्या, पण आधी जुनं उचलून खाली काय साचलंय ते बघा.

लागवडीनंतर काही दिवसांत पानं वळतात, देठ पिळवटतात. शेतकरी विषाणू समजून औषधावर औषध मारतो आणि प्लॉट तरीही जातो. अशी शेतं मी पुन्हा पुन्हा पाहतो. रोग नसतोच, कॅनच्या सैल झाकणातून सांडलेलं २,४-डी हे तणनाशक लायनरखाली मुरलेलं असतं. टोमॅटो, मिरची, कापूस, द्राक्ष यांना त्याचा अंशही सोसत नाही. त्याचा एस्टर हा प्रकार तर उन्हात वाफ होऊन वर येतो. वरून ताडपत्री बांधली की ती वाफ रोपांच्या ट्रेवरच कोंडते.

म्हणून लायनरबाबत माझा पहिला प्रश्न किमतीचा किंवा चकाकीचा नसतो. ते उचलून खालचा पत्रा धुता येतो का? किंवा खाली पोकळीच राहत नाही, असं ते आहे का?

विक्रेता सहसा साच्यातलं कडक प्लॅस्टिकचं लायनर पुढे करतो. शेतीच्या गाडीला ते घेऊ नका. खाली पोकळी राहते, धक्क्यांनी घासून रंग जातो, निचऱ्याची भोकं झाकली जातात. ३० अंश तापमानात हवेतली आर्द्रता ७३ टक्क्यांच्या पुढे गेली की युरिया पाणी ओढून पाझरतो. पोटॅशमधलं क्लोराइड तर पत्रा खातंच. हे पाणी आत गेलं की वरून काही दिसत नाही. शिवाय गुळगुळीत पृष्ठभागावर ट्रे घसरतात, ते वेगळंच.

फवारून बसवलेलं पॉलियुरेथेन किंवा पॉलियुरियाचं लायनर पत्र्याला चिकटतं, खाली जागा उरत नाही. पण पत्रा आधी घासून, तेलकटपणा आणि गंज पूर्ण काढून मगच फवारलं पाहिजे. गंजावर मारलेला थर आतून सुटतो. ‘गंजरोधक जादा कोट’ची भलामण झाली तर आधी घासलेला पत्रा दाखवायला सांगा.

खर्च कमी ठेवायचा तर जाड रबरी चटई उत्तम. उचलता येते, ओझं घसरत नाही. मात्र रबरही तणनाशक धरून ठेवतं, त्यामुळे औषधाचे कॅन चटईवर थेट ठेवायचे नाहीत, खोल टबात उभे ठेवायचे. गालिचासारखं लायनर तर नकोच, ते सगळं शोषून घेतं.

रोपं भरण्याआधी:
- लायनर किंवा चटई बाहेर काढा, भोकं मोकळी करा.
- सांडलेलं खत कोरडंच झाडून घ्या.
- साबणाच्या पाण्याने घासा, स्वच्छ पाण्याने धुवा.
- धुवणीचं पाणी विहीर, ओढा, रोपवाटिका यांपासून लांब जाऊ द्या.
- पत्रा पूर्ण वाळल्यावरच लायनर परत टाका.

२,४-डी सांडलं असेल तर साबण पुरत नाही. फवारणी टाकीसाठीची शिफारस १०० लिटर पाण्याला १ लिटर घरगुती अमोनिया अशी आहे. हौद्यालाही मी हेच प्रमाण धरतो: त्या पाण्यात भिजवलेली पोती रात्रभर अंथरायची, सकाळी भरपूर पाण्याने धुवायचं. हातमोजे घाला. अमोनियात ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो.

आणखी एक धोका: प्लॅस्टिक लायनरवर ठेवून पेट्रोलचा कॅन भरू नका. स्थिर विजेची ठिणगी पडून भडका उडतो. कॅन जमिनीवर उतरवूनच भरा.

धुतल्यावर माझी एक शेतातली पारख आहे, पुस्तकातली नाही. टोमॅटोची चार-पाच फालतू रोपं हौद्यात ठेवून रात्रभर ताडपत्री बांधा, मग बाहेर काढून दोन-तीन दिवस शेंड्याकडे बघा. शेंडा सरळ राहिला तर ट्रे भरा. वळला तर हौदा पुन्हा धुवा, आणि तोवर रोपं दुसऱ्या गाडीने न्या.