‘टेक’ म्हणजे केवळ ‘घेणे’ नव्हे: या चुका टाळा

इंग्रजी वह्या तपासताना ‘टेक’ या क्रियापदाच्या ज्या चुका मला वारंवार आढळतात, त्या व्याकरण कच्चे असल्यामुळे होत नाहीत. वाक्य मनात मराठीत तयार होते आणि मग ‘घेणे’ असेल तिथे डोळे झाकून ‘टेक’ बसवले जाते. ‘घेणे’ नसेल तिथे मात्र ते सुचतच नाही.

सर्वांत घातक चूक परीक्षेच्या बाबतीत होते. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक ती घेतात. इंग्रजीत नेमके उलट आहे. एखाद्या अर्जात ‘आय गेव्ह ॲन एक्झाम’ असे लिहिल्यास वाचणाऱ्याला अर्जदारच परीक्षक वाटण्याची शक्यता असते, म्हणून विद्यार्थ्याने ‘आय टुक ॲन एक्झाम’ असेच लिहावे. त्याचप्रमाणे आपण आंघोळ करतो, फोटो काढतो आणि पाऊल उचलतो. इंग्रजीत या तिन्हींसाठी ‘टेक’ चालते. याउलट ‘टेन्शन घेऊ नकोस’ याचे ‘डोन्ट टेक टेन्शन’ होत नाही, तिथे ‘डोन्ट वरी’ म्हणावे.

‘घेऊन ये’ याचे ‘टेक अँड कम’ आणि ‘घेऊन जा’ याचे ‘टेक अँड गो’ करणे ही तितकीच रुळलेली चूक आहे. जुन्या नॉर्स भाषेतील ‘हाताने धरणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आलेल्या ‘टेक’मध्ये आज ‘नेणे’ हा अर्थही सामावलेला आहे, त्यामुळे ‘घेऊन जा’साठी ते एकटे पुरते, ‘घेऊन ये’साठी ‘ब्रिंग’ हे वेगळे क्रियापद आहे.

वेळेच्या वाक्याकडे विशेष लक्ष द्यावे. ‘मला हे पत्र लिहायला दोन तास लागले’ या वाक्यात ‘लागणे’ असल्यामुळे ‘टेक’ आठवत नाही आणि ‘टू आवर्स रिक्वायर्ड टू मी’ अशी मोडकी रचना कागदावर उतरते. इथे ‘इट’ने सुरुवात करावी: ‘इट टुक मी टू आवर्स टु राइट धिस लेटर’. एक दिवस लागो वा दहा वर्षे, हा साचा बदलत नाही.

पुढे जोडलेल्या छोट्या शब्दाने अर्थ पार बदलतो. ‘शी टेक्स आफ्टर हर मदर’ म्हणजे ती आईच्या वळणावर गेली आहे. ‘आफ्टर’ पाहून ती आईनंतर काहीतरी घेते असा अर्थ लावू नये. ‘टेक ऑफ’ विमानासाठी वापरल्यास उड्डाण करणे आणि बुटांसाठी वापरल्यास काढणे. ‘टेक ऑफ युवर शूज’ बरोबर आहे, पण बुटांच्या जागी सर्वनाम आले की ते मध्येच यावे लागते: ‘टेक देम ऑफ’, कधीही ‘टेक ऑफ देम’ नाही.

रूपांची चूक तशी सोपी आहे: ‘डिड नॉट’नंतर ‘टेक’ आणि ‘हॅव’नंतर ‘टेकन’; या दोन्ही ठिकाणी ‘टुक’ येत नाही.