रेजेक्स पायथनमधी चालते अन् जावास्क्रिप्टमधी अडते? हे पाहा

शेतकऱ्यांची यादी चाळायला लिहिलेला रेजेक्स, म्हणजे मजकुरात शोध घ्यायचा पॅटर्न, पायथनमधी मस्त चालला, तोच वेबपेजवर टाकला तर एकही ओळ सापडेना, अशा वेळी पॅटर्न खोडत बसू नका बाप्पा. पह्यले यादीतली एकच ओळ घ्या, समजा 'गट नं. १४२/३, पऱ्हाटी', अन् ती दोन्हीकडं चालवून पाहा.

आकडे अडले तर बॅकस्लॅश-डी, म्हणजे आकडा शोधायची खूण, तपासा. पायथन ३ अन् डॉटनेट त्यात देवनागरी आकडेही धरतात, जावास्क्रिप्ट अन् गो फक्त इंग्रजी आकडे धरतात, जावाही साध्या सेटिंगवर तसंच. म्हणून सरळ [0-9०-९]+ लिहा. इथं + म्हणजे एक किंवा जास्त आकडे. फक्त ग्रेप या कमांड लाइनवरच्या शोधायच्या कमांडमधी, ती साधी वापरली तर, + म्हणजे निव्वळ अधिकचं चिन्ह, तिथं मायनस कॅपिटल ई द्यावं लागते.

शब्दांचं लफडं त्याहून मोठं. बॅकस्लॅश-डब्ल्यू, म्हणजे शब्दातलं अक्षर शोधायची खूण, जावास्क्रिप्टमधी मराठी अक्षर धरतच नाही, अन् पायथनचं रेजेक्ससाठीचं आरई मॉड्यूल अक्षर धरते पण काना-उकार सोडून देते, 'कापूस' दिलं की क, प, स असे तीन तुकडे हातात येतात. पायथनमधी पिपवरून (मॉड्यूल उतरवायच्या कमांडनं) रेजेक्स नावाचं वेगळं मॉड्यूल टाका, त्यात हा त्रास नाही. जावास्क्रिप्टमधी यू फ्लॅग (युनिकोडची सेटिंग) लावून बॅकस्लॅश-पी, म्हणजे अक्षराचा प्रकार सांगून शोधायची खूण, वापरा, पण अक्षरांच्या एल क्लाससोबत मात्रांचा एम क्लासही घ्या, लोक नेमकं हेच विसरतात. हा पॅटर्न परत आरईमधी नेला तर 'बॅड एस्केप' अशी एरर येईल, त्याला बॅकस्लॅश-पी कळत नाही.

आता पऱ्हाटी. हे दोन्हीकडं सापडत नसंल तर इंजिनचा दोष नाही, टायपिंगचा आहे. कोणी ऱ, हलंत, ह असं टाइप करते, कोणी साधा र, हलंत, मग न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर, मग ह. स्क्रीनवर सारखंच दिसते, पण लांबी मोजा, पह्यल्याची ७ येईल, दुसऱ्याची ८. एनएफसी नॉर्मलाइज (युनिकोड अक्षरं एकसारख्या रूपात आणणं) केल्यानं हा जॉइनर जात नाही, शोधायच्या आधी 'र, हलंत, जॉइनर' हे तिन्ही मिळून 'ऱ, हलंत' असं बदलून घ्या.

बाकी किरकोळ. पायथनचं मॅच फंक्शन फक्त मजकुराच्या अगदी सुरुवातीला पाहते, मधलं पाह्यजे तर सर्च वापरा, जावाच्या मॅचेसला तर पूर्ण मजकूरच जुळावा लागते. गोच्या रेजेक्समधी लुकअहेड (पुढं काय आहे ते नुसतं पाहणं) अन् बॅकरेफरन्स (आधी सापडलेला भाग परत वापरणं) नाहीच, तिथं एका पॅटर्नचे दोन करा.