फेडरेशनचा मेटाडेटा: आधी सही तपासा, मग विश्वास ठेवा

सॅमल २.० (एकाच लॉगिनवर अनेक ॲप वापरू देणारे मानक) मध्ये लॉगिन सेवा आणि ॲप एकमेकांना ओळखतात ते मेटाडेटा फाइलवरून: एंटिटी आयडी (प्रत्येकाचे वेगळे नाव), एंडपॉइंटचे पत्ते (संदेश कुठे पाठवायचे ते), सार्वजनिक की (सही तपासायला आणि मजकूर गुप्त करायला). शंभर संस्थांशी शंभर वेळा फायली बदलण्यापेक्षा फेडरेशनचा (एकमेकांचे लॉगिन मानणाऱ्या संस्थांच्या गटाचा) चालक सगळ्यांची नोंद तपासून डिजिटल सही केलेली एकच फाइल देतो.

चालकाचे सही-प्रमाणपत्र एकदाच घ्या आणि त्याचा फिंगरप्रिंट (प्रमाणपत्रावरून काढलेली छोटी ओळखखूण) फोनसारख्या वेगळ्या मार्गाने पडताळा. फाइल एचटीटीपीएसवरून आली एवढ्यावर भागत नाही. त्याने सर्व्हर खरा ठरतो, मजकूर नव्हे. सही जुळली नाही तर फाइल नाकारा. ‘व्हॅलिड अंटिल’ (फाइल कधीपर्यंत वैध ते सांगणारी नोंद) नसलेली फाइलही नाकारा, नाहीतर काढून टाकलेली संस्था जुन्या प्रतीतून परत घुसवता येते. फाइल दर तासाला आपोआप ताजी करा. हे काम गुपचूप बंद पडले, तर मुदत संपताच सगळ्यांचे लॉगिन एकदम थांबते.

सर्वाधिक घोळ की बदलताना होतो. लॉगिन सेवेची नवी की जुनीच्या जोडीने प्रसिद्ध करा, ती सगळ्यांपर्यंत पोचेपर्यंत थांबा, मगच नवीने सही सुरू करा. जुनी शेवटी काढा. ॲपच्या एन्क्रिप्शन कीचा (ॲपला येणारा मजकूर गुप्त करणाऱ्या कीचा) क्रम उलटा: आधी ॲपला दोन्ही कींनी तो मजकूर उलगडता आला पाहिजे, नवी की मेटाडेटात त्यानंतर.