बाद झालात? आधी कारण शोधा

खो-खोत संरक्षण करणारा गडी बहुतेक वेळा बाद होऊनच बाहेर येतो. तरी त्याची कुणाला सवय होत नाही. मी सोलापुरात शाळेतल्या मुलींना खो-खो शिकवते. सरावात दीड-दोन मिनिटं पळणारी मुलगी सामन्यात अर्ध्या मिनिटात बाद झाली की रडवेली होऊन म्हणते, "मॅडम, मला जमतच नाही." हे वाक्य सोडून द्यायचं, कारण त्याच्यावर सराव करता येत नाही. "खांबाजवळ वळताना उशीर झाला" यावर करता येतो.

सामना हरलात त्याच संध्याकाळी, जेवण झाल्यावर वही काढा. किती वेळ पळलात ते गुणपत्रकावर असतंच, ते उतरवा. मग कुठं बाद झालात, कशा बाद झालात आणि त्या क्षणी नजर कुठं होती, ते लिहा. शेवटचं सगळ्यांत महत्त्वाचं. "मी घाबरले" एवढ्यावर थांबू नका. कुठल्या पावलाला घाबरलात तेही लिहा. आठवत नसेल तर बाहेर बसलेल्या मैत्रिणीला विचारा, तिला जास्त दिसलेलं असतं.

माझ्या मुलींच्या वह्यांत खांब फार वेळा येतो, आणि त्याला कारण आहे. आक्रमकाला मधली रेषा ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागं फिरता येत नाही. पण खांबावर तिला बाजूही बदलता येते आणि दिशाही. म्हणजे मैदानात इतर ठिकाणी नियम तुमच्या बाजूनं असतात, तिथं नसतात. हे कळलं की मुलगी स्वतःला दोष द्यायचं थांबवते आणि खांबापासून किती अंतर ठेवायचं ते विचारू लागते.

मग तोच प्रसंग मैदानावर उभा करा. आम्ही उजाडताच सुरू करतो, कारण एप्रिलमध्ये सोलापूरचं ऊन नऊ वाजताच पाय भाजतं. खांबाजवळच्या तीन चौकटींत मुली बसवा आणि आक्रमक त्याच बाजूनं आणा. पहिल्यांदा चालत, मग अर्ध्या वेगानं, मग पूर्ण. पूर्ण वेगात ती पुन्हा बाद होईल, होऊ द्या. लागोपाठ सुटायला लागली की आक्रमक बदला, बाजू बदला, सूर मारायला सांगा. हरल्याची शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणं मला अजिबात पटत नाही. फेऱ्यांनी वळणं सुधारत नाही आणि मुलगी पुढच्या वेळी चूक लपवते.

वहीच्या दुसऱ्या पानावर जे जमलं तेही लिहा. सामन्याच्या आदल्या रात्री तेवढंच पान वाचा. आत्मविश्वास म्हणजे माझ्या मते हेच पान.

कोल्हापूरचा नेमबाज स्वप्निल कुसाळे २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत वैयक्तिक अंतिम फेरीत आघाडीवर होता. एक नेम ७.६ वर गेला आणि तो चौथा आला. पुढच्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यानं कांस्यपदक घेतलं. मुलींना मी त्या दोन्ही फेऱ्यांबद्दल सांगते, नुसत्या पदकाबद्दल नाही.

आई-वडिलांनाही एक सांगणं आहे. माझ्याकडच्या कित्येक मुलींच्या आया घरी विड्या वळतात. हातातलं काम ठेवून सामना बघायला येणं म्हणजे त्या दिवसाची मजुरी कमी होणं, म्हणून हार त्यांनाही लागते. तरी घरी जाताना "का हरलीस?" विचारू नका. दुसऱ्या दिवशी "आज सरावाला काय घेतलंस?" एवढं विचारा.

सामन्याच्या दिवशी आपल्या तुकडीची वाट बघत बसाल तेव्हा वहीतली एकच ओळ मनाशी म्हणा, आणि समोरच्या संघात खो द्यायला कोण उशीर करतंय ते बघून ठेवा. आधीच्या तुकडीतली तिसरी गडी बाद झाली की लगेच आत जावं लागतं, तेव्हा नाड्या आधीच बांधलेल्या असू द्या.