फॉरमॅट मारण्यापूर्वी : विंडोजचा विसरलेला पासवर्ड

संगणक पासवर्ड घेत नाही, अशी तक्रार घेऊन तालुक्याच्या दुकानात गेले की बहुधा एकच उत्तर मिळते : फॉरमॅट मारावे लागेल, म्हणजे सगळे पुसून विंडोज नव्याने टाकावे लागेल. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी शाळेचे, वाचनालयाचे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचे संगणक पाहताना मला तशी वेळ क्वचितच आली. संगणक आपला स्वतःचा आहे, किंवा संस्थेचा असल्यास मुख्याध्यापकांची अथवा सचिवांची परवानगी घेतलेली आहे, असे येथे गृहीत धरले आहे.

पासवर्ड खरोखरच विसरला आहे का, हे आधी तपासावे. मराठीत अर्ज टाइप करून झाल्यावर कीबोर्ड मराठीवरच राहिला असेल, तर इनस्क्रिप्ट या मराठी कळमांडणीत ‘के’ची कळ दाबली की ‘क’ उमटतो; परंतु पडद्यावर दोन्ही वेळा ठिपकाच दिसत असल्याने चूक लक्षात येत नाही. पासवर्डच्या चौकटीतील डोळ्याचे चिन्ह दाबून धरल्यास टाइप केलेली अक्षरे दिसतात. खालच्या उजव्या कोपऱ्यातून भाषा इंग्रजी करावी आणि कॅप्स लॉक व नम लॉकही पाहावेत.

त्यानंतर खाते कोणत्या प्रकारचे आहे ते ओळखावे. नावाखाली ईमेल पत्ता दिसत असेल, तर ते मायक्रोसॉफ्ट खाते असण्याची शक्यता अधिक. त्याचा पासवर्ड मोबाइलवरूनही मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर बदलता येतो. मात्र नवा पासवर्ड संगणकाने स्वीकारावा यासाठी तो एकदा इंटरनेटला जोडावा लागतो, त्यासाठी मोबाइलचे हॉटस्पॉट पुरते. खरी अडचण ओटीपीची असते, कारण ज्याने खाते उघडले तो जुना ऑपरेटर गाव सोडून गेला, तरी ओटीपी त्याच्याच नंबरवर जातो. त्याला फोन करून ओटीपी विचारणे सर्वांत सोपे, कारण सुरक्षेची सगळी माहिती नव्याने बदलायची झाल्यास 30 दिवस थांबावे लागते.

खाते त्या संगणकापुरतेच, म्हणजे लोकल असेल, तर चुकीचा पासवर्ड दिल्यावर खाली ‘रीसेट पासवर्ड’ असे दिसते आणि खाते तयार करताना नोंदवलेले तीन सुरक्षा प्रश्न विचारले जातात. ही सोय 2018 पासून विंडोज 10 मध्ये आहे. उत्तर माहीत असूनही येथे माणूस अडतो तो स्पेलिंगपाशी. आमच्या एका निवृत्त गुरुजींचे जन्मगाव यवतमाळ. त्यांनी ते इंग्रजांच्या काळच्या जुन्या स्पेलिंगने, म्हणजे ‘ए-व्ही-ए’ऐवजी ‘ई-ओ’ घालून लिहिले होते, आणि ते आम्हाला चौथ्या प्रयत्नात सुचले.

संगणकावर अॅडमिनिस्ट्रेटरचे, म्हणजे सर्व अधिकारांचे, दुसरे खाते असेल, तर त्यातून कंट्रोल पॅनेलमधील ‘युजर अकाउंट्स’ येथे जाऊन विसरलेल्या लोकल खात्याला नवा पासवर्ड देता येतो. फायली जागच्या जागी राहतात, मात्र विंडोजच्या सोयीने एन्क्रिप्ट केलेल्या (सांकेतिक रूपात कुलूपबंद केलेल्या) फायली आणि साठवलेले काही पासवर्ड हातचे जाऊ शकतात.

यांपैकी काहीच जमले नाही तर रीसेट उरतो, आणि त्यात सगळे पुसले जाते. म्हणून हार्ड डिस्क काढून, केबलने दुसऱ्या संगणकाला जोडून फायली आधी उतरवून घ्याव्यात. साइन-इनचा पासवर्ड दाराच्या कुलपासारखा असतो. आतल्या फायली त्याने एन्क्रिप्ट होत नाहीत. बिटलॉकर, म्हणजे डिस्क एन्क्रिप्ट करणारी विंडोजची सोय, सुरू असल्यास मात्र 48 अंकी रिकव्हरी की लागते. ती अनेकदा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मग डिस्क परत बसवून, शिफ्ट दाबून धरून ‘रीस्टार्ट’ निवडावे, ‘ट्रबलशूट’मध्ये जावे आणि ‘रीसेट धिस पीसी’ घ्यावे. हे काम भारनियमनाच्या वेळेत कधीही काढू नये. लॅपटॉप असल्यास चार्जर लावलेला ठेवावा.

लोकल खाते पुन्हा उघडले की त्याच बैठकीत कंट्रोल पॅनेलमधून पेन ड्राइव्हवर पासवर्ड रीसेट डिस्क तयार करावी. पुढे पासवर्ड कितीदाही बदलला तरी तीच चालते. आमच्या वाचनालयात ती शिक्क्यांच्या कुलूपबंद खणात ठेवलेली असते.