बेसबॉलच्या इतिहासातील गाजलेले क्षण गावच्या वाचनालयात कसे सांगावेत

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील वाचनालयांना आणि युवक मंडळांना व्याख्यानांची जुनी सवय आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर यांसारखी गावे आपापले मराठी साहित्य संमेलन भरवतात आणि तिथला श्रोता दोन-तीन तास एका जागी बसून मनापासून ऐकतो. अशा श्रोत्यांपुढे अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या इतिहासातील गाजलेल्या क्षणांचा कार्यक्रम उत्तम रंगू शकतो, असे माझे ठाम मत आहे. मात्र नावांची आणि विक्रमांची यादी वाचून दाखवली, तर क्रिकेटवर वाढलेला हा श्रोता दहाव्या मिनिटाला चुळबुळ करू लागेल. म्हणून एक पथ्य कसोशीने पाळावे: कोणताही क्षण सांगण्यापूर्वी त्या घटकेला सामना नेमका कुठे येऊन ठेपला होता, हे श्रोत्याला पूर्णपणे समजावून द्यावे. शेवटच्या चेंडूवर मारलेल्या षटकाराची हकिगत सांगताना आपण किती चेंडूंत किती धावा हव्या होत्या हे आधी सांगतोच. तीच शिस्त इथे लागते.

सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटे मैदानासाठी राखून ठेवावीत. शाळेचे पटांगण मिळत असेल, तर कबड्डीचे मैदान आखताना वापरतो तीच फक्की घेऊन प्रत्यक्ष मापाचा चौकोन आखावा. त्याची प्रत्येक बाजू ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४ मीटर असते आणि चारही कोपऱ्यांवर एकेक बेस असतो. फलंदाज ज्या कोपऱ्यावर उभा राहतो त्या होम प्लेटपासून चेंडू टाकणाऱ्याची, म्हणजे पिचरची, जागा ६० फूट ६ इंचांवर असते. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे ६६ फुटांची आहे हे सर्वांना ठाऊक असते. तेव्हा दोन्ही अंतरे एकाशेजारी एक आखून दाखवावीत आणि एखाद्या तरुण गोलंदाजाला पिचरच्या जागेवर उभे करावे. टप्पा न पडता अंगाच्या रोखाने येणारा चेंडू खेळायला फलंदाजाला किती कमी वेळ मिळतो, हे तिथे उभे राहिल्यावर न बोलता कळते. नियम सांगताना पाल्हाळ नको: प्रत्येक संघात नऊ खेळाडू, नऊ डाव, प्रत्येक डावात दोन्ही संघांना आळीपाळीने फलंदाजी, तीन आउट झाले की फलंदाजी संपली, तीन स्ट्राइक (चुकलेला फटका किंवा आवाक्यातला सोडलेला चेंडू) झाल्या की फलंदाज बाद, चार बॉल (आवाक्याबाहेरचे, न खेळलेले चेंडू) झाले की त्याला पहिला बेस फुकट, आणि चारही बेस ओलांडून परत होम प्लेटवर आले की एक धाव. पिचर, कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा), होमरन (सीमेपार गेलेला फटका) हे शब्द आहेत तसेच ठेवावेत. आपल्याकडच्या सभेत मराठीबरोबर कन्नड बोलणारे श्रोतेही असतात आणि हे शब्द दोघांनाही सारखेच सोयीचे पडतात.

यानंतर फळ्यावर पाच रकाने आखावेत आणि कार्यक्रम संपेपर्यंत ते पुसू नयेत. पहिल्या रकान्यात कितवा डाव आणि त्याचा पूर्वार्ध की उत्तरार्ध, दुसऱ्यात किती आउट, तिसऱ्यात कोणत्या बेसवर धावपटू उभे आहेत, चौथ्यात त्या फलंदाजाचे बॉल आणि स्ट्राइक किती झाले आहेत, आणि पाचव्यात धावसंख्या लिहावी. सामना वर्ल्ड सिरीजमधला, म्हणजे हंगामाअखेरच्या अजिंक्यपदाच्या मालिकेतला, असेल, तर सातपैकी चार सामने जिंकणाऱ्याची ती मालिका त्या दिवशी कुठवर आली होती, हे फळ्याच्या कडेला नोंदवावे.

पहिला क्षण म्हणून मी १५ ऑक्टोबर १९८८ ची रात्र निवडेन, कारण या पाच रकान्यांचे सगळे काम त्या एका प्रसंगात दिसते. लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमवर वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना चालू होता. नवव्या डावाचा उत्तरार्ध, दोन आउट झालेले, ओकलंड ॲथलेटिक्स ४ आणि डॉजर्स ३. पिचर होता डेनिस एकर्स्ली, ज्याने त्या हंगामात ४५ सामने शेवटच्या टप्प्यावर राखून दिले होते. त्याने माइक डेव्हिसला चार बॉल टाकून पहिला बेस दिला. तेव्हा डॉजर्सनी बदली फलंदाज म्हणून कर्क गिब्सनला पाठवले. गिब्सनच्या एका पायाची मागची शीर दुखावलेली होती आणि दुसऱ्या पायाचा गुडघा जायबंदी होता. तो लंगडतच आला. फळ्यावरचा चौथा रकाना आता एकेका चेंडूगणिक बदलत न्यावा. दोन स्ट्राइक झटपट झाल्या, काही चेंडू त्याने कसेबसे फाउल केले, म्हणजे रेषेबाहेर मारले, मग हळूहळू बॉल वाढत गेले आणि ज्या चेंडूवर मोजणी तीन बॉल, दोन स्ट्राइक झाली, त्याच चेंडूवर डेव्हिस दुसऱ्या बेसवर पळून पोहोचला. आता साधा फटकाही बरोबरी करून देणारा होता. इथे सांगणाऱ्याने थांबावे आणि श्रोत्यांना विचारावे की पिचरच्या जागी तुम्ही असता तर कोणता चेंडू टाकला असता. प्रतिस्पर्ध्यांचा खेळ निरखून टिपणे देणाऱ्या डॉजर्सच्या निरीक्षकाने, मेल डिडियरने, डावखुऱ्या फलंदाजाला तीन-दोनच्या मोजणीवर एकर्स्ली बाहेरून आत वळणारा स्लायडर टाकतो, असे संघाला बजावून ठेवले होते आणि ते आपल्याला त्या क्षणी आठवले, असे गिब्सनने नंतर सांगितले आहे. स्लायडरच आला. गिब्सनने जवळजवळ केवळ हातांच्या जोरावर तो उजव्या बाजूच्या प्रेक्षकांत भिरकावला आणि डॉजर्स ५–४ ने जिंकले. त्या संपूर्ण मालिकेत गिब्सन पुन्हा फलंदाजीला आला नाही. डॉजर्सनी ती मालिका ४–१ अशी घेतली.

चित्रफीत दाखवायची असेल, तर ती हे सगळे सांगून झाल्यावरच दाखवावी. आधी दाखवली तर श्रोता एक लंगडा माणूस पळताना पाहतो, त्यापलीकडे त्याच्या हाती काही लागत नाही. व्हिन स्कली या समालोचकाने चेंडू प्रेक्षकांत गेल्याचे सांगितल्यावर मिनिटाहून अधिक काळ एक अक्षरही उच्चारले नाही आणि फक्त प्रेक्षकांचा गजर ऐकू दिला. त्या वेळी आपणही माइक खाली ठेवावा आणि आवाज वाढवावा.

दुसरा प्रसंग बिल बकनरचा घ्यावा, आणि तो न्यायबुद्धीने सांगावा. २५ ऑक्टोबर १९८६ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बकनरच्या पायांमधून चेंडू निसटला आणि बॉस्टन रेड सॉक्सची वर्ल्ड सिरीज हुकली, असे एका वाक्यात सांगितले जाते. इतकेच सांगणे हा त्या खेळाडूवर अन्याय आहे. फळा भरून पाहावा. मालिकेत बॉस्टन ३–२ ने पुढे होते. नऊ डावांत बरोबरी झाल्याने खेळल्या गेलेल्या दहाव्या डावाच्या पूर्वार्धात त्यांनी दोन धावा काढून ५–३ अशी आघाडी घेतली होती आणि उत्तरार्धात न्यूयॉर्क मेट्सचे दोन फलंदाज बाद झालेले होते. त्यानंतर लागोपाठ तीन फटके बसले, धावसंख्या ५–४ झाली, पिचर बदलला गेला आणि नव्या पिचरचा, बॉब स्टॅन्लीचा, एक चेंडू कॅचरला चुकवून मागे गेला. त्यावर केव्हिन मिचेलने धाव घेऊन ५–५ अशी बरोबरी केली. म्हणजे मूकी विल्सनचा तो सरपटी चेंडू बकनरकडे आला तेव्हा आघाडी आधीच गेलेली होती. त्या चुकीमुळे रे नाइट धाव काढून गेला आणि सामना ६–५ असा गेला, हे खरेच. पण मालिका तिथे संपली नाही. सातवा सामना शिल्लक होता, त्यात बॉस्टनने ३–० अशी आघाडीही घेतली होती, आणि तरीही तो ८–५ असा गमावला. दुखऱ्या घोट्यांनी खेळणाऱ्या एका माणसावर लोकांनी वर्षानुवर्षे सगळा दोष ठेवला. २००८ मध्ये बॉस्टनच्या फेनवे पार्कवर त्याला सन्मानाने पहिला चेंडू टाकायला बोलावले, तेव्हा प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. हा उत्तरार्ध कधीही गाळू नये.

काही क्षण एका चेंडूत मावत नाहीत, त्यांच्यासाठी गुणपत्रक, म्हणजे सामन्याच्या डावागणिक नोंदींचा तक्ता, वाचायला शिकवावे. ८ ऑक्टोबर १९५६ रोजी न्यूयॉर्क यांकीजच्या पिचरने, डॉन लार्सनने, ब्रुकलिन डॉजर्सविरुद्ध वर्ल्ड सिरीजच्या पाचव्या सामन्यात सत्तावीस फलंदाज आले तसे सत्तावीसही परत पाठवले. एकालाही पहिल्या बेसवर पाय ठेवू दिला नाही. वर्ल्ड सिरीजच्या इतिहासात असा परिपूर्ण सामना दुसरा झालेला नाही. याची छापील प्रत प्रत्येकाच्या हातात द्यावी आणि डॉजर्सच्या नऊ डावांपुढची नऊ शून्ये बोट ठेवून मोजायला सांगावीत. मग त्या शून्यांमागची धाकधूक उलगडावी: दुसऱ्या डावात जॅकी रॉबिन्सनचा जोरदार फटका तिसऱ्या बेसवरच्या अँडी कॅरीच्या हाताला लागून उडाला आणि शेजारच्या गिल मॅकडूगल्डने तो उचलून थोडक्यात आउट मिळवला, पाचव्या डावात गिल हॉजेसचा लांबचा फटका मिकी मँटलने धावत जाऊन झेलला. एकूण ९७ चेंडू टाकून लार्सनने हे साधले. बेसबॉल-रेफरन्स आणि रेट्रोशीट या संकेतस्थळांवर अशा जुन्या सामन्यांची गुणपत्रके विनामूल्य मिळतात, आणि अनेक सामन्यांचा चेंडूगणिक नसला तरी फलंदाजागणिक वृत्तांत तिथे वाचता येतो.

जॅकी रॉबिन्सनकडे येताना मात्र फळा बाजूला सारावा लागतो. १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिनच्या एबिट्स फील्डवर तो पहिल्या बेसवर उभा राहिला, आणि सहा दशकांहून अधिक काळ कृष्णवर्णीयांना बंद असलेले मेजर लीगचे, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलचे, दार उघडले. गुणपत्रकात पाहिले तर त्या दिवशी त्याला एकही फटका साधला नाही. सातव्या डावात प्रतिस्पर्ध्याच्या चुकीमुळे तो बेसवर पोहोचला, पुढे त्याने आघाडीची धाव काढली आणि डॉजर्सनी बॉस्टन ब्रेव्ह्जला ५–३ असे हरवले. इथली स्थिती मैदानाबाहेरची आहे आणि ती समजावायला आपल्या भागात उसना दाखला लागत नाही. धारवाडला जन्मलेले पळवणकर बाळू हे त्यांच्या काळातील भारतातील सर्वोत्तम डावखुऱ्या फिरकी गोलंदाजांपैकी एक. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पुण्यात खेळताना त्याच बाळूंना, ते दलित होते म्हणून, पॅव्हेलियनबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई, आणि हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. बाळूंविषयी आधी पाच मिनिटे बोलावे आणि मग रॉबिन्सनला पहिल्या बेसवर आणून उभे करावे. १९९७ मध्ये त्याचा ४२ हा क्रमांक सर्वच संघांनी कायमचा निवृत्त केला, आणि आता दर १५ एप्रिलला मेजर लीगमधील प्रत्येक खेळाडू त्या एका दिवसापुरता ४२ क्रमांकाचाच सदरा घालतो. याच्याच जोडीला हँक ॲरनचा ८ एप्रिल १९७४ चा ७१५ वा होमरन सांगावा. बेब रूथचा सर्वाधिक होमरनांचा विक्रम मोडू पाहणाऱ्या या कृष्णवर्णीय खेळाडूला जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रे येत होती आणि तरीही अटलांटात, आपल्या घरच्या मैदानावर, चौथ्या डावात त्याने तो चेंडू सीमेपार धाडला.

वेळ उरल्यास १९५४ मधील विली मेजचा पाठमोरा झेल, १९६० मध्ये बिल मॅझेरॉस्कीने सातव्या सामन्याच्या अखेरच्या फटक्यावर मिळवून दिलेला १०–९ असा विजय आणि १०८ वर्षांनंतर २०१६ मध्ये शिकागो कब्जनी जिंकलेली मालिका यांवर दोन-दोन मिनिटे बोलावे. दीड तासात याहून अधिक काही कोंबू नये.

वादग्रस्त गोष्टी वादासकट सांगाव्यात. १९३२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये बेब रूथने बोटाने दिशा दाखवून तिकडेच होमरन मारला, असे म्हणतात. त्याने हात वर केला होता हे चित्रफितीत दिसते, पण तो रोख नेमका कशाकडे होता यावर आजही एकमत नाही. ३ ऑक्टोबर १९५१ रोजी बॉबी थॉमसनने ब्रुकलिन डॉजर्सचा पिचर राल्फ ब्रँका याला मारलेल्या होमरनमुळे न्यूयॉर्क जायंट्स ४–२ अशा पिछाडीवरून ५–४ ने जिंकले. ऑगस्टमध्ये साडेतेरा सामन्यांनी मागे पडलेल्या संघाने शेवटी बाजी मारली, ही गोष्ट कोणालाही आवडेल. तथापि, त्या हंगामात जायंट्स आपल्या मैदानावर दुर्बिणीने प्रतिस्पर्ध्याच्या कॅचरने पिचरला चेंडू सुचवायला केलेल्या खुणा टिपत होते, हे २००१ मध्ये खुद्द त्यांच्या खेळाडूंच्या तोंडून बाहेर आले. तो विशिष्ट चेंडू आपल्याला आधी कळला होता हे थॉमसनने मान्य केले नाही. श्रोत्यांना दोन्ही बाजू द्याव्यात आणि चर्चा होऊ द्यावी. आपल्याकडे ती जोरात होते.

कार्यक्रमासाठी पावसाळा सरल्यानंतरचा काळ सोयीचा. वर्ल्ड सिरीजही ऑक्टोबरच्या उत्तरार्धात असते, त्यामुळे व्याख्यानानंतर एखादा सामना एकत्र बसून थेट पाहण्याची जोड देता येते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री आठला सुरू होणारा सामना त्या दिवसांत आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो आणि तारीख एक दिवसाने पुढची असते; म्हणून वाचनालयाच्या फलकावर भारतीय तारीख आणि वेळच ठळकपणे लिहावी, आणि फळ्यावरचे पाच रकाने आदल्या रात्रीच आखून ठेवावेत.