कौलारू छप्पर जमिनीवरून कसे तपासावे

छपरावरची कितीतरी कौले वाऱ्याने फुटत नाहीत. ती फुटतात "जरा वर चढून बघतो" म्हणणाऱ्याच्या पायाखाली. मंगळूरी कौल दोन-तीन किलोचे असते. खाली रीप (आडवी लाकडी पट्टी) असते आणि एकावर दुसरे कौल चढलेले असते, तेवढ्याच पट्ट्यात ते पायाचा भार घेते. पाय मध्यावर पडला की बारीक चीर जाते. त्या दिवशी ती दिसत नाही, आषाढात मात्र गळते. म्हणून आधी खालूनच नीट बघावे आणि वर जाणाऱ्या गड्याला नेमके कौल सांगावे. त्याची वरची पावले जितकी कमी, तितके छप्पर शाबूत. घरच्या माणसाला तर शिडी लावण्याची गरजच पडू नये.

केव्हा बघायचे

पहिली पाहणी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात करा. मे महिन्यात कौले बसवणारे मिळणे कठीण जाते आणि जुन्या मापाची कौले शोधायलाही वेळ लागतो. दुसरी पाहणी मिरगाच्या आधी, मे अखेरीस. ही टाळू नका. तौक्ते १६-१७ मे २०२१ ला कोकण किनाऱ्याजवळून गेले, निसर्ग ३ जून २०२० ला रायगडात धडकले. दोन्ही वादळे याच दिवसांत आली, एप्रिलच्या पाहणीनंतर. वळिवाचा मोठा वारा झाला, नारळ किंवा झावळी छपरावर पडली, वानरांची टोळी पाख्यावरून (छपराच्या एका उतारावरून) गेली, तर दुसऱ्याच दिवशी एक फेरी मारा.

काय लागेल

दुर्बीण असेल तर उत्तम. ८ पट मोठे दाखवणारी पुरते, त्याहून मोठी हातात थरथरते. नसेल तर मोबाइलने फोटो काढून ते मोठे करून बघा. शिवाय हातभर दोरा, वही-पेन्सिल, बॅटरी आणि टेप. धातूची काठी किंवा नळी घेऊ नका. कारण वर विजेची तार असू शकते.

आधी तार, मग छप्पर

घराकडे बघण्याआधी विजेच्या खांबावरून घरात येणारी तार बघा. ती सैल होऊन पत्र्याला किंवा पन्हळीला टेकली असेल, तुटून लोंबत असेल, तर पाहणी तिथेच थांबवा. पत्र्याच्या पडवीत वीज उतरली की ओला खांब, दारावरची कपडे वाळत घालायची तारसुद्धा जिवावर बेतते. जवळ जाऊ नका, मुलांना आणि जनावरांना लांब ठेवा, १९१२ वर कळवा.

दुसरी काळजी पायाखालची. डोळे वर असताना चालायचे नाही. थांबून बघा, दुर्बीण खाली घ्या, मग पुढे सरका. कोकणातल्या आवारात गडगे, चिरे, कठडा नसलेली विहीर असे बरेच काही वाटेत असते. नारळाखाली उभे राहू नका आणि सुटलेल्या कौलाखाली, म्हणजे वळचणीला (छपराच्या खालच्या कडेला) लागून, तर मुळीच नाही.

किती लांब उभे राहायचे

घराला चिकटून उभे राहिले तर वळचणीची कडच दिसते, पाखे दिसतच नाही. वळचण जमिनीपासून ३ मीटर उंच असेल तर ८ ते १० मीटर मागे जा. मजला असेल तर १५ ते २० मीटर. जागा नसेल तर शेजाऱ्यांच्या अंगणातून किंवा समोरच्या चढावरून बघा. प्रत्येक पाख्याचे दोन्ही कोपऱ्यांतून फोटो घ्या आणि दर वर्षी त्याच जागेवरून घ्या. गेल्या वर्षीचा फोटो शेजारी ठेवला की सरकलेले कौल लगेच कळते.

ऊन तिरपे हवे. सकाळी किंवा संध्याकाळी बघा, पण ऊन पाख्यावर घासून जात असतानाच. तेव्हा वर उचललेल्या प्रत्येक कौलाची सावली पडते. भर दुपारी सगळे छप्पर सपाट दिसते.

बाहेरून काय वाचायचे

सुरुवात आढ्यापासून, म्हणजे छपराच्या सर्वांत वरच्या रेघेपासून. दोरा दोन्ही हातांत ताणून धरा, एक डोळा मिटा आणि दोऱ्याची रेघ आढ्याच्या रेघेवर आणा. मध्ये फट दिसली तर आढे किंवा त्याखालचा आधार खचला आहे. नुसती कौले बदलून हे दुखणे जात नाही, सुतार लागतो. मग तीच परीक्षा वळचणीची. वळचण लाटेसारखी दिसली तर वाशांची (रिपांना आधार देणाऱ्या उतरत्या लाकडांची) टोके कुजली असण्याची शक्यता मोठी, कारण पागोळ्यांचे पाणी वर्षानुवर्षे तिथेच लागते.

आता ओळी. मंगळूरी कौल पाठीमागच्या दोन खुंट्यांनी रिपेवर अडकते. खुंटे तुटले की कौल घसरते: त्याची खालची कड ओळीच्या खाली येते आणि वरच्या बाजूला काळी आडवी फट पडते. एकच कौल घसरले असेल तर दोष कौलाचा. एकाच ओळीतली चार-पाच शेजारी घसरली असतील तर रीप मोडली किंवा कुजली आहे. हा फरक वहीत नक्की लिहा, कारण पहिल्या कामाला कौल लागते, दुसऱ्याला लाकूड.

जुने कौल काळपट असते, त्याची ताजी मोड मात्र केशरी-लाल. काळ्या पाख्यात लाल ठिपका दिसला की तिथे अलीकडे काहीतरी आपटले आहे. चीर ओळखायला वळिवाची सर मदत करते. पाऊस थांबून ऊन आले की पाखे वाळू लागते. चिरलेली आणि सच्छिद्र झालेली कौले सर्वांत शेवटी, काळीच राहून, वाळतात. ही दहा-पंधरा मिनिटे चुकवू नका.

आढ्यावरच्या कौलांखालचा चुना-सिमेंटचा सांधा तडकला आहे का, त्यातून पिंपळाचे रोप वर आले आहे का, ते बघा. रोप दिसले म्हणजे तिथे माती आणि पाणी दोन्ही साठते आहे. दोन पाखी जिथे खोलगट मिळतात ती जागा पालापाचोळ्याने भरली असेल तर पाणी उलटे कौलांखाली शिरते. कौले फुटलेली नसताना गळणारी घरे बरीचशी इथेच गळतात. आणि वाऱ्याच्या समोरचेच पाखे बघून थांबू नका. आढे, वळचण आणि कोपरे या कडांवर वारा कौल वर ओढतो, आणि आढ्यामागच्या पाख्यावर ही ओढ मोठी असते.

शेवटी खाली, पागोळ्यांच्या रेघेत बघा. कौलाचे तुकडे, लाल भुकटी, गंजका खिळा, रबरी वायसर यांतले काही सापडले तर त्याच्या सरळ वर पुन्हा दुर्बीण लावा.

आतून: कवडसे

दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान दारे-खिडक्या लावून घ्या, दिवे बंद करा, पाच मिनिटे डोळे अंधाराला सरावू द्या. माळा किंवा सिलिंग नसलेल्या घरात यासारखी तपासणी नाही. जमिनीवरच्या प्रत्येक कवडशाला एक भोक असते. कवडशाच्या आकारावरून भोकाचा अंदाज करू नका. बारीक भोकातून येणारा गोल कवडसा हे सूर्याचे चित्र असते. उन्हाची तिरीप पाच मीटर आली असेल तर तो साडेचार सेंटिमीटरच्या आसपास दिसतो, भोक तांदळाच्या दाण्याएवढे असले तरी. कवडशात डोळा नेऊन सूर्याकडे बघू नका. बाजूने तिरीप पकडत वर जा. धूळ किंवा धुराने ती स्पष्ट दिसते.

नंतर बॅटरीने वासे बघा. भिंतीवर जिथे वासे टेकतात तिथे वाळवीची मातीची रेघ, वाशाखाली पिठासारखा भुसा, लाकडावर पाण्याचे डाग. डाग जिथे आहे तिथेच गळते असे नाही. पाणी वाशावरून खाली ओघळत येते, म्हणून भोक नेहमी डागाच्या वरच्या अंगाला शोधा. डागाची कड पेन्सिलने आखून तारीख घाला. पुढच्या सरीनंतर तो रेघेबाहेर गेला तर गळती चालू आहे.

आतली खूण बाहेर कशी न्यायची

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. रिपा हे त्याचे उत्तर आहे: आत एक रीप म्हणजे बाहेर कौलांची एक ओळ. मोजणी आढ्याकडून खाली करा, वळचणीकडून वर नको, कारण वळचणीच्या काही ओळी भिंतीबाहेर असतात आणि आतून दिसत नाहीत. आडव्या मोजणीसाठी काचेचे कौल धरा, ते आतूनही दिसते आणि बाहेरूनही. त्यापासून अंतर टेपने जमिनीवर मोजा. मंगळूरी कौलाची उघडी रुंदी साधारण २१ सेंटिमीटर, म्हणजे १ मीटर ५ सेंटिमीटरला पाच कौले. मात्र आतून जे उजवे ते बाहेरून डावे, हे ध्यानात ठेवा. नोंद अशी झाली पाहिजे: "पश्चिम पाखे, वरून सातवी ओळ, काचेच्या कौलापासून बाहेरून डावीकडे पाचवे, घसरले, रीप ठीक."

पत्र्याची पडवी असेल तर

लोखंडी पत्र्यावर गंज तीन ठिकाणी सुरू होतो: कापलेल्या कडेला, दोन पत्रे एकमेकांवर चढतात तिथे आणि स्क्रूभोवती. स्क्रूपासून खाली तांबडा ओघळ आला असेल तर वायसर गेला आहे. वारा असताना पत्रा वाजतो तोही सैल स्क्रूमुळेच. सिमेंटचा पत्रा मात्र वेगळी गोष्ट आहे. तो वरून भक्कम दिसतो आणि माणसाच्या वजनाने एकदम तुटतो. त्यावर कोणालाच थेट पाय ठेवू देऊ नका, गड्यालाही नाही. आधारावर टेकणाऱ्या फळ्या टाकूनच काम व्हावे. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस (फुप्फुसाला घातक तंतू) असते, तेव्हा ते घासू, कापू किंवा फोडू नका.

लगेच माणूस बोलवायची वेळ

आढे खचलेले, एक अख्खी ओळ घसरलेली, भिंत आणि छपरात नवी फट, किंवा पाणी दिव्याच्या होल्डरवर टपकते. शेवटच्या बाबतीत मेन स्विच बंद करा, पण हात कोरडे असतील आणि स्विचजवळ पाणी नसेल तरच. बाकीच्या तिन्हींत त्या खोलीत झोपू नका.

नवी कौले आणायला जाताना जुने एक कौल बरोबर न्या. पाठीवर कारखान्याचा छाप असतो, आणि दोन कारखान्यांच्या कौलांच्या खाचा थोड्या फरकाच्या असल्या तरी एकमेकांत बसत नाहीत. गरजेपेक्षा चाळीस-पन्नास जास्त आणा आणि घरामागे उभी रचून ठेवा. काम झाल्यावर गडी उतरण्याआधी पुन्हा एकदा दारे लावून कवडसे बघा. राहिलेला कवडसा दिसला तर आतून ओळ मोजून त्याला सांगा. तो वर आहे तोवर हे दोन मिनिटांचे काम आहे.